शिवेवरची आंघोळ

बुलढाण्याचं आमचं मुलींचं वसतिगृह एका सकाळीत रिकामं करण्यात आलं. सकाळी जेवणघरात एक मुलगी ओकली. थोड्या वेळाने गृहमाता प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहून गेली, आणि जेवणाआधीच आम्ही ट्रंका घेऊन मोटारस्टँडवर होतो. जायचं का, असं आम्हाला कोणी विचारलं नाही. मला त्यात चुकीचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. साथ पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची होती. पूर्वेच्या बेटांकडून निघून ती देशोदेशी फिरत इकडे आली आहे, असं वर्तमानपत्रात येत होतं. अशा वेळी दार लावावंच लागतं.

राग आला तो गावी पोहोचल्यावर.

आमचं गाव चिखलीहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. वर माळ्या-कुणब्यांची घरं, भाजीपाल्याची वावरं, आणि नाल्याच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. बाबा जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचे आणि कुठेही सभा असली की पायी जायचे. येताना पत्रकं आणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ती मी वाचून दाखवत असे. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, पत्रकात 'जाब विचारा' होतं. मला 'जाब विचारा' आधी वाचता आलं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, खालच्याच गावात दिलेली आहे. आमच्या गावावरून वाहणारा नाला शीव ओलांडून तिच्या गावात शिरतो. तिथली विहीर कायद्याने सगळ्यांची होती, पण तिच्या वस्तीतली बाई घागर घेऊन विहिरीकडे वळली की पारावरची माणसं उठून उभी राहायची. त्यापुढे कायदा जात नसे. म्हणून वस्तीतल्या बाया नाल्याकाठी वाळूत झिरा उकरायच्या आणि त्यात साचेल ते पाणी वाटीने घागरीत भरायच्या. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर अक्काला दिवस गेले होते. सातवा महिना चालू होता.

मी घरी आले तेव्हा आमच्या गावात वरच्या आळीत माणसं आजारी पडली होती आणि एक म्हातारा गेला होता. आईने मला उंबऱ्यातच सांगितलं, "मरीमायचा गाडा काढून राह्यले."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मरीमाय ही पटकीची देवी; पटकी आली की तिच्यासाठी गावात एक लहानसा लाकडी गाडा करतात. त्यावर निंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, खण, दहीभाताचा निवद ठेवतात. आजारी माणसाच्या घरातलं एखादं लुगडं-धोतरही त्यावर टाकतात. मग डफडं वाजवत तो गाडा ओढत शिवेपलीकडे, म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत, नेऊन सोडतात. तिथेच नाल्यात आंघोळ करायची, कपडे धुऊन पिळायचे आणि मागे न बघता घरी यायचं. मरी पलीकडे राहिली, असं समजायचं. पुढचं गाव तो गाडा त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलतं. पूर्वी गाडा ओढायचं आणि डफडं वाजवायचं काम आमच्या लोकांकडे होतं. दीक्षा घेतल्यावर आम्ही ते सोडलं. तेव्हापासून गाव स्वतः ओढतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब येणार होते. शाळेच्या अंगणात सभा ठेवली होती. मला वाटलं, चला, वसतिगृह जसं बंद झालं तसं हेही बंद होईल. आठवडी बाजार थांबेल, गाडा थांबेल, नाल्यावर कोणी तरी उभं राहील. एवढा माझा सरकारवर भरवसा होता.

साहेब पुण्याकडचे, तरुण, पांढऱ्या शर्टातले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाला नावं ठेवणं सोपं असतं. त्यांनी आधी सांगितलं, "पटकी म्हणू नका. अतिसार म्हणा. शब्दाने घबराट होते." मग म्हणाले, "हे इंग्रजांचं राज्य नाही. माझे आजोबा सांगायचे, प्लेगाच्या वेळी गोरे सोल्जर बूट घालून देवघरापर्यंत गेले होते. बायाबापड्यांना ओढून छावणीत नेलं. आपण तसं करणार नाही. आपल्या देशाचं धोरणच आहे, सक्ती नाही, समजूत. आपले लोक शहाणे आहेत. पाणी उकळून प्या, टोचून घ्या, ज्याने त्याने आपापली काळजी घ्या."

हे खरंच देशाचं धोरण होतं की साहेबांच्या मनचं, ते मला अजून कळलेलं नाही. पण लोकांना ते फार आवडलं. स्वतःला शहाणं म्हटलेलं कोणाला आवडत नाही?

एक म्हातारा माळी उठला. त्याची मेथी आणि वांगी तोडणीला आली होती. "साहेब, बाजार बंद करू नका म्हणजे झालं. मेथीले काय सांगू, साथ आहे, चार दिस थांब?"

लोक हसले. मलाही हसू आलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाजार बंद करायचा तर त्याच्या मेथीचं काय, याचं उत्तर बंद करणाऱ्याने दिलं पाहिजे. पण साहेबांनी ते उत्तर शोधलं नाही. त्यांनी प्रश्नच सोडून दिला. "बाजार चालू राहील," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

सरपंच म्हणाले, "आन् साहेब, परवा गाडा निघते. गावाचं मन आहे."

"लोकांच्या भावना आहेत, मी आड येणार नाही," साहेब म्हणाले.

आमची माणसं कुंपणाशी बसली होती. मी तिथूनच उठले. "साहेब, मला बोलायचंय."

पाठीमागून कोणी तरी म्हणालं, "पाह्य बे, बुलढाण्याची मास्तरीण बोलून राह्यली."

"अजून झाली नाही मास्तरीण," मी म्हटलं. "झाल्यावर तुम्हालाच आधी शिकवीन."

साहेबांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. मी म्हणाले, "साहेब, आमचं वसतिगृह बंद करताना कोणी आमची समजूत काढली नाही. ते बरोबर होतं. मग इथे का नाही? गाडा काढा, नाचवा, डोक्यावर घ्या. माझं म्हणणं एवढंच आहे, शिवेवर नाल्यात आंघोळ करू नका. घरी येऊन करा. त्याच पाण्याच्या वाटेवर पुढे खालच्या गावच्या वस्तीचा झिरा आहे. तिथे लोक ते पाणी पितात."

"घरी येऊन?" सरपंचांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "मरी घरात घेऊन याची का मंग? तिथी सोडाची म्हणूनच तं तिथी धुवाची."

"पण तिथे माणसं राहतात."

"तं त्यायनं त्यायचा गाडा काढावा पुढं. आमी काई त्यायले नाई म्हणलं का?"

अंगण हसलं. मी साहेबांकडे पाहिलं. तेही किंचित हसत होते, गावकऱ्यांचं हसू मोडू नये म्हणून हसतात तसं.

एक पोट्टा ओरडला, "तुमच्यानं गाडा ओढनं सोडलं, तवापासून हे भोग आहेत!"

बाबा जागचे न उठता म्हणाले, "आमी सोडलं तं तुमी ओढा ना बापू. कोणं हात धरले तुमचे? पण माह्या पोरीच्या पाण्यात तुमचे धोतरं काऊन धुता?"

त्यावर कोणी हसलं नाही. सरपंच मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मग साहेबांनी निकाल दिला. "मी सर्वांना विनंती करतो," ते म्हणाले, "की नाल्यातली आंघोळ शक्यतो टाळावी."

"हो साहेब," सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे, पण इतकं आनंदाने आणि एकत्र बोललेलं नाही. आणि त्या 'शक्यतो'चा मला अजून राग आहे. ज्याच्या घरचं पाणी शक्यतोवर अवलंबून नसतं, तोच दुसऱ्याच्या पाण्याबद्दल शक्यतो म्हणू शकतो. सोल्जरांच्या बुटांची आठवण खरी आहे. ते पुन्हा होऊ नये, हेही खरं. पण बूट आणि विनंती यांच्या मधे काहीच नसतं का? नाल्यावर एक माणूस उभा करायला कोणाच्या देवघरात शिरावं लागत नव्हतं. साहेब सभा संपवून जीपकडे निघाले तेव्हा मी त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, "हे बघ बाळ, आज नाल्यावर माणूस उभा केला तर उद्या हेच लोक सुई टोचून घेणार नाहीत." हा त्यांचा हिशेब होता. गावाचं मन राखायचं, म्हणजे गाव टोचून घेईल. या हिशेबात खालची वस्ती कुठेच नव्हती. तिचं मन कोणाला राखायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी अक्काला आणायला गेलो. ती दारात शेंगा निवडत बसली होती. आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येतो बाबा तुमच्यासंग. आन् ह्या बाया कुठी जातीन? सगळ्यायचेच माहेर वरच्या अंगाले आहे का?"

"तू दोन जिवांची आहेस," मी म्हटलं.

"मंग? पाणी पाहून बिमारी येते का, पोट पाहून?"

तिने उलट आम्हालाच कामाला लावलं. गाडा येण्याआधी वस्तीतल्या सगळ्या घागरी, हंडे, माठ, पिठाचे डबेसुद्धा झिऱ्याच्या पाण्याने भरून ठेवायचे आणि नंतर जमेल तितके दिवस झिऱ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. बाया दिवसभर वाटीवाटीने पाणी भरत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "लगीन आहे का काय वस्तीत, इतलं पाणी?" तर अक्का म्हणाली, "हाव, मरीमायचं. वऱ्हाड वरच्या गावाचं आहे, जेवल्याबिगर जात नाई."

गाडा आला तो मी नाल्याच्या अलीकडच्या काठावरून पाहिला. शीव ओलांडून त्यांनी तो बाभळीखाली सोडला. मग सगळे नाल्यात उतरले. अंग धुतलं, डोकी धुतली, धोतरं धुऊन पिळली. नुकताच आजारातून उठलेला एक तरणा माणूस दोघांनी धरून आणला होता, त्याचं उरलंसुरलं इथेच सुटावं म्हणून. त्यालाही पाण्यात बसवून आंघोळ घातली. सरपंच होते. सभेत 'हो साहेब' म्हणणारे सगळे होते. त्यांच्यापैकी एकालाही आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नव्हतं. मी काठावरून ओरडले, "काका, ते पाणी खाली जातं!" एकाने मान वर केली, पण त्या वेळी बोलायचं नसतं, म्हणून तो बोलला नाही. मग सगळे मागे न बघता निघून गेले. एवढी स्वच्छ, ओली, समाधानी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

वस्तीतलं पाणी पुरणार नव्हतंच. पाऊस ओढलेला, उकाडा, लेकरं, गुरं. माठ तळाला गेले तेव्हा अक्का आणि आणखी काही बाया गावच्या विहिरीवर गेल्या. आम्ही पोहरा टाकत नाही, तुम्हीच ओतून द्या, असं त्या म्हणाल्या. विहिरीवरच्यांनी सांगितलं, साथ आहे, साथीत बाहेरच्या कोणाची घागर इथे टेकू द्यायची नाही, गावाने ठरवलं आहे. म्हणजे सक्ती होती बरं का. साहेबांच्या देशात सक्ती होती, फक्त ती कोण कोणावर करतं एवढाच प्रश्न होता. बाया झिऱ्यावर गेल्या.

आजार वस्तीत शिरला तेव्हा पहिल्यांदा अक्काची सासू पडली. आणि मग जे मी आमच्या गावासाठी हात जोडून मागितलं होतं, ते सगळं एका सकाळी आलं. जीप आली, पोलीस आले, वस्तीभोवती बांबू रोवून सुंभाची दोरी बांधली गेली. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. टोचणारे दोरीच्या आत गेले आणि एकेकाला दंड धरून टोचून आले. घराघरात शिरले, माठ पालथे केले. झिऱ्यात लाल दवा टाकली आणि तो बुजवला. गावची विहीर खुली केली नाही. पाण्याचा टँकर येईल, असं सांगितलं. तो आला, पण संध्याकाळी.

वर, आमच्या गावात, त्या दिवशी आठवडी बाजार भरला होता.

आम्हाला निरोप आला की अक्काला जुलाब लागले आहेत. बाबांनी कोणाची तरी बैलबंडी जुंपून आणली. आम्ही दोरीपाशी पोहोचलो तर हवालदार म्हणाला, "साहेबांची चिठ्ठी आणा."

"पोट्टी आत मरून राह्यली, चिठ्ठी काय मांगता?" बाबा म्हणाले.

"मले हुकूम आहे बाबा. मी काय करू?"

अक्काचा नवरा तिला पाठीवर घेऊन दोरीच्या पलीकडे उभा होता. तिचे डोळे खोल गेले होते. आमच्या आणि त्यांच्या मधे एक हातभर सुंभ. मी ती दोरी धरली तर हवालदाराने माझा हात बाजूला केला. जोरात नाही. समजुतीने.

साहेब आले तेव्हा उन्हं कलली होती. मी त्यांना म्हणाले, "साहेब, आमच्या गावात विनंती आणि इथे दोरी?"

"साथ इथे आहे," ते म्हणाले. "इथून पसरू नये म्हणून."

"इथे कुठून आली?"

त्यांनी खिशातून पेन काढलं. चिठ्ठी लगेच लिहून दिली. तेही लिहायला हवं, म्हणून लिहिते. आम्ही अक्काला बंडीत घालून तालुक्याच्या तंबूत नेलं, तिला सलाईन लावलं. ती वाचली. पोटातलं वाचलं नाही. तंबूतल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "थोडं आधी आणायचं होतं."

अक्काची सासू गेली. वस्तीतली आणखीही माणसं गेली. मग साथ उतरली, जशी ती उतरतेच.

साहेबांची बदली झाली तेव्हा आमच्या गावाने त्यांचा सत्कार ठेवला. आसपासच्या गावांनाही बोलावणं होतं. अक्का आली. बाबा नको म्हणत होते, मीही नको म्हणत होते. ती म्हणाली, "तू लई बोलली माह्यासाठी. आता मी येतो." आणि सगळ्यांच्या पुढे, जिथे आमच्यातलं कोणी बसत नसे तिथे, जाऊन बसली.

सरपंचांनी हार घातला. साहेबांनी भाषण केलं. या साथीत आपण एकाही माणसावर सक्ती केली नाही, याचा मला अभिमान आहे, असं ते म्हणाले. हे सगळं तुमच्या शहाणपणामुळे झालं, असंही म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या आणि अक्का उभी राहिली.

"साहेब, मी दोरीच्या आतली," ती म्हणाली.

टाळ्या विस्कटल्या. साहेबांनी तिला ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुमी म्हणता सक्ती केली नाई. मंग मले दिवसभर दोरीत ठेवलं, ते काय होतं?"

"ती खबरदारी होती, बाई," साहेब म्हणाले.

"असं. मंग हेच खबरदारी नाल्यावर काऊन नाई झाली? त्या दिवशी मी भरल्या पोटाची होती साहेब."

सरपंच मधे पडले. "बस बाई. झालं ते झालं. साहेब पाव्हणे आहेत आज."

"मी कुठी त्यायले जाऊ नका म्हणलं? उत्तर द्यावं आन् जावं."

कोणी तरी मास्तरांना खूण केली. मास्तरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. सगळं अंगण उभं राहिलं, साहेब, सरपंच, मेथीवाला म्हातारा, आम्ही, सगळे ताठ. गीत संपलं. लोक घाईने पांगू लागले. साहेब मंडपातून उतरून जीपकडे निघाले, पण अक्का वाटेत तशीच उभी होती. ते थांबले. गळ्यातला हार काढून त्यांनी हातात घेतला.

"अर्ज करा बाई," ते हळू म्हणाले. "मी जाण्याआधी शेरा मारून ठेवतो."

अक्काने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"करतो साहेब," ती म्हणाली. "कशाचा करू?"